चारशे तेरावा कप्पा

कामाला बसण्याआधी अक्का गार पाण्यानं डोळे धुवायची. हा नेम बावीस वर्षांत चुकला नव्हता. धाग्याच्या कारखान्यात तिचं काम एकच: रंगवून आलेलं रीळ उजेडाला धरायचं, छटा ओळखायची आणि भिंतीवरच्या चारशे बारा कप्प्यांपैकी नेमक्या कप्प्यात टाकायचं.

घरी तिचे काका होते, अर्थशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. आयुष्यभर बाजार शिकवला आणि आता मनाच्या मागे लागले होते.

"आपण आधी बघतो आणि मग वर्गवारी करतो, असं नाही गं," ते म्हणायचे. "वर्गवारी करणं म्हणजेच बघणं. मनात ज्याला कप्पा नाही, ते समोर असून दिसत नाही."

"तरीच तुमचा चष्मा रोज मला शोधावा लागतो!"

त्या मंगळवारी कारखान्यात टोपलीतून एक रीळ निघालं. राखाडी म्हणावं तर नाही, जांभळं म्हणावं तर नाही. त्याच्याकडे बघताना कानांत दडे बसल्यासारखं व्हायचं. तिनं ते शेजारच्या टेबलावरच्या शेजारणीपुढे धरलं.

"ही छटा बघ गं."

"काय बघू, रिकामा हात?" शेजारीण हसली. "अक्का, चार दिवस सुट्टी घे बाई."

दुपारपर्यंत तशी आठ निघाली. शेवटी साहेब आले. त्यांनी टेबलावरून हात फिरवला. एक रीळ घरंगळून फरशीवर टक्कन वाजलं.

"उंदीर झालेत वाटतं," ते म्हणाले. "अक्का, इथे काही नाही. नजर गेली असं लिहून द्या आणि उद्यापासून घरी बसा."

नोकरी तर जातच होती. पण तिला झोंबलं ते वेगळंच. बावीस वर्षं जपलेली नजर तिच्याच सहीनं खोटी ठरणार होती.

"नाही देणार," ती हळू आवाजात म्हणाली.

"हट्ट सोडा."

"घालवायचं तर घालवा, साहेब. पण दिसतंय ते दिसत नाही, असं माझ्या हातून लिहून होणार नाही."

तिनं एक रिकामं खोकं भिंतीशी लावलं. चिठ्ठीवर ठसठशीत ४१३ लिहून चिकटवली. आठही रिळं त्यात ओळीनं ठेवली.

"अगं बाई!" शेजारीण उठून उभी राहिली.

साहेब दोन पावलं मागे सरकले. आता साऱ्यांनाच दिसत होतं.

"लिहू का आता, नजर कुणाची गेली होती ते?"

पण खोक्याकडे आता कुणी बघत नव्हतं. साऱ्यांची नजर खिडकीकडे वळली होती.

खिडकीजवळच्या कोपऱ्याला कामावरच्या सगळ्याजणी, का कोण जाणे, वर्षानुवर्षं वळसा घालून जात. तिथे एक टेबल होतं. त्याच छटेचं. टेबलाशी एक बाई बसली होती. तीही त्याच छटेची.

बाकीच्या दाराकडे पळाल्या. अक्का सरळ तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"कधीपासून बसलीयस गं इथे?"

बाईनं मान वर केली. डोळे बारीक करून अक्काला न्याहाळलं, उजेडात धरून बघावं तसं. मग स्वतःच्या पाठीमागच्या, त्याच छटेच्या कप्प्यांवरून बोट फिरवू लागली.

"नीट बघ," अक्का म्हणाली. जागची हलली नाही.

बोट थांबलं. बाईनं एक कप्पा ओढला.

आत कुणीतरी सरकून अक्कासाठी जागा केली.