गोलामागची जागा

ही घटना खरी आहे. ज्यांना कल्पनाविलास हवा असेल, त्यांनी दुसरीकडे पाहावे. मर्टल हॅडो माझ्या सख्ख्या मावशी, आणि खोटे बोलणे त्यांना कधी जमले नाही.

जुलै १९४३. शनिवारची दुपार. मेलबर्नच्या पश्चिमेकडील आमच्या वस्तीचे मैदान.

मावशींचा मुलगा क्लेम वस्तीच्या फुटबॉल संघातला शेवटचा बचावपटू. गोलाच्या तोंडाशी उभा राहायचा. अडुसष्ट सामने खेळला. आमच्याकडच्या फुटबॉलमध्ये चार सत्रे; प्रत्येक सत्रानंतर संघ बाजू बदलत, तेव्हा मावशीही छत्री घेऊन मैदानाला वळसा घालत आणि त्याच्या गोलामागे, कुंपणाशी उभ्या राहत.

एकही सत्र चुकले नाही.

मग क्लेम युद्धावर गेला. न्यू गिनीत बेपत्ता झाला.

त्याची पाच क्रमांकाची जर्सी मावशींनी वर्षभर घरी जपली. रजेवर आलेला सैनिक थेट मैदानात उतरे, अशी तेव्हा रीतच होती.

"हॅडोबाई, लोकर सगळी सैन्याला जाते. नवी जर्सी मिळत नाही हो," संघाचे चिटणीस टोपी काढून म्हणाले.

"आणि माझा क्लेम आला तर? बनियनवर खेळेल?"



तरी मावशींनी जर्सी दिली.

त्या शनिवारी ती लेस टर्विल या परगावच्या तरुणाने घातली. क्लेमला त्याने कधी पाहिलेही नव्हते.

"ए पाच नंबर! माझी आजी तुझ्यापेक्षा बरी पळते!" कुंपणावरून कोणी ओरडले.

"मग घ्या की तिला संघात!" लेस उलट ओरडला.

मावशींनी तीन सत्रे सोसली. क्लेमच्या जागी परक्याची पाठ बघवेना. चौथ्या, शेवटच्या सत्राला वळसा न घालता त्या घरी जायला फाटकाकडे वळल्या...

तासाभराने लेस त्यांच्या दारात उभा. चेहरा पांढराफटक.

"बाई, चिटणीसांनी पत्ता दिला. माझ्या मागून कुणीतरी बोलत होतं. 'डावीकडे सरक, तो डावीकडेच वळणार.' आणि समोरचा खेळाडू तसाच वळायचा! मी मागं बघितलं..."

"मग?"

"कुणीच नाही."

मावशी उंबरठा ओलांडून त्याच्याजवळ आल्या.

"शेवटच्या सत्रात तो आवाज खेळाचं काही बोललाच नाही. एकच विचारत राहिला..."

"काय? बोल ना, पोरा!"

"'आई या टोकाला का नाही आली?'"

मावशी अनवाणी धावल्या. मैदान रिकामे होते. दिवस मावळेपर्यंत त्या गोलामागे हाका मारत राहिल्या.



"मी थांबले असते, तर माझ्याशी बोलला असता का गं?" अखेरच्या आजारात त्यांनी मला विचारले.

घरात सर्वांना सुनावणारी मी. तेव्हा त्यांची उशी सारखी करत राहिले.