दोषाचा वाटा

सरावासाठी बनवलेल्या पुतळीने डोळे मिटले आणि तिच्या कृत्रिम त्वचेवरचा गुलाबी रंग हळूहळू उतरला. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावात ती दगावली होती. डॉक्टर, भूलतज्ज्ञ आणि परिचारिका हातमोजे काढून मुकाट्याने खुर्च्यांवर येऊन बसले. आता चर्चा व्हायची.

डॉ. मृदुला खानोलकर ही चर्चा वर्षानुवर्षं चालवत आल्या होत्या. पण यंदा भिंतीवर 'निरीक्षक' बसला होता. प्रत्येकाची नजर, नाडी, आवाजातला कंप टिपून हे यंत्र दोष कुणाचा ते सांगायचं. तेव्हापासून चर्चा उरलीच नव्हती. माणसं आकडा ऐकायची आणि उठून जायची.

"दोषाचा वाटा," निरीक्षक बोलू लागला, "परिचारिका रेश्मा तडवी, एकसष्ट टक्के. रक्त मागवण्यात विलंब."

रेश्माची मान खाली गेली. मृदुलाबाई उठल्या आणि त्यांनी निरीक्षकाची वायर सरळ उपटली.

"मॅडम!" प्रशासक बर्वे दारातून ओरडले. "त्याचा अहवाल बढतीला जोडलाय!"

"म्हणूनच उपटली. बसायचं तर बसा, मध्ये बोलू नका."

त्या रेश्माकडे वळल्या. "तू फोनकडे हात नेलास आणि मागे घेतलास. का, ते मला कळलं नाही. तेव्हा मनात काय चाललं होतं?"

मृदुलाबाई खुर्ची ओढून तिच्यासमोर बसल्या.

"रक्त फार जातंय असं वाटलं," रेश्मा म्हणाली. "पण मागच्या खेपेला मी बोलले, तर या निरीक्षकानं 'अनावश्यक हस्तक्षेप' म्हणून नोंद केली. म्हणून डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत राहिले."

भूलतज्ज्ञ चौबळ खाकरले. "मलाही तसंच वाटलं होतं. अंदाज चुकला तर माझ्या नावावर चढेल, म्हणून गप्प बसलो."

"आणि तुम्ही दोघं गप्प," डॉ. नूपुर हळूच म्हणाली, "म्हणून मी समजले, सगळं ठीक आहे."

"पुतळी पुन्हा सुरू करा," मृदुलाबाई म्हणाल्या. "निरीक्षक बंदच राहू दे."

या वेळी रेश्माचा आवाज खणखणीत आला, "डॉक्टर, मी रक्त मागवतेय!" चौबळांनी लगेच दुजोरा दिला. नूपुरने मान हलवली आणि तिचे हात झपाझप चालू लागले. थोड्या वेळाने पुतळीच्या गालांवर रंग परतला.

बर्वे मात्र जागचे हलले नव्हते. "आजचा सगळा दोष तुमच्या नावावर लावावा लागेल, मॅडम."

"शंभर टक्के लावा. पण उद्यापासून हाच निरीक्षक खऱ्या प्रसूतिगृहात बसणार आहे. तिथे रक्त जाणारी बाई पुतळी नसेल. तिथे आधी तोंड कोण उघडेल, बर्वे?"