उसना श्वास

पहिला मसुदा

नमस्कार, मी भूमिका. आजच्या व्हिडिओत आपण आपल्या गेममधल्या दोन प्रकारच्या जादूगारांची तुलना करणार आहोत. विझार्ड रोज सकाळी पोथी उघडतो आणि आज कोणते स्पेल, म्हणजे मंत्र, लागतील ते ठरवून स्लॉटमध्ये, म्हणजे त्यांच्या मोजक्या जागांत, भरतो. जे भरले नाही ते दिवसभर वापरता येत नाही, पोथीत असले तरी. सॉर्सररकडे पोथी नसते. त्याला मोजके स्पेल येतात, पण ते जन्मजात. वेळ आली की हवा तो काढायचा. म्हणजे एकाला दिवसभराची काळजी सकाळीच करून ठेवावी लागते, आणि दुसऱ्याला

"दुसऱ्याले ऐश," मागून नीलेश म्हणाला.

इथे कट.

*

नीलेश माझा धाकटा भाऊ. आम्ही दोघे शहरातल्या बुधवाऱ्यात, भांड्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहतो. मी क्लासमध्ये अकरावी-बारावीला गणित शिकवते. आई आणि अण्णा, म्हणजे वडील, गावी दापोऱ्याला, केळीच्या मळ्यात. दापोऱ्याच्या रस्त्यावर आमचे रायपनिंग चेंबर आहे, केळी पिकवायच्या खोल्यांचे. ते नीलेश बघतो. संध्याकाळी जेवणाआधी आम्ही एका लॅपटॉपला दोन कंट्रोलर लावून खेळतो. माझी विझार्ड, त्याचा सॉर्सरर.

"तू सकायीच ठरवून बसते, ताई. मंग संध्याकायी ड्रॅगन आला की म्हणते, थांबा, मी तर आज कुलूप उघडायचा स्पेल घेतला."

"आणि तुझ्याकडे काय? चार स्पेल. चारही आगीचे."

"आग कुठंबी चालते."

"पाण्याखाली?"

"तवाचं तवा पाहू."

हे उत्तर तो सगळ्यालाच द्यायचा. चेंबरच्या बाबतीतही.

चेंबर म्हणजे पत्र्याची शेड आणि तिच्यात ओळीने खोल्या, प्रत्येकीला फ्रिजसारखे जाड पांढरे दार. आत हिरव्या केळीचे क्रेट छतापर्यंत रचतात, पिकवायचा गॅस सोडतात आणि दार लावून घेतात. तोडलेली केळी श्वास घेत राहते, हे सांगितले की माझे विद्यार्थी हसतात. पण ती घेते. बंद खोलीतली चांगली हवा ती हळूहळू संपवते आणि स्वतःची वापरलेली हवा तिथे भरून ठेवते. त्या हवेला वास नसतो. वास केळीचाच येतो, गोड, थोडा मधासारखा. माणूस आत जातो, काहीतरी बोलायला तोंड उघडतो आणि त्याचे गुडघे मोडतात. म्हणून आधी दार उघडायचे, पंखा लावायचा, चहा प्यायचा, मग आत.

अण्णांचा पंख्यावर विश्वास नाही. त्यांच्या तरुणपणी केळी धुराच्या भट्टीत पिकवत. तेव्हाची सवय अशी की दारात उभे राहून काडी ओढायची आणि हात आत धरायचा. काडी जळत राहिली तर पाय टाकायचा.

"अण्णा, आत गॅस आहे," नीलेश म्हणायचा. "एक दिवस उडवाल सगळ्याइले."

"एवढ्याशा गॅसनं काई होत नाही. तुले काडीचं भेव वाटते अन् हवेचं नाही वाटत."

नीलेशची रीत वेगळी. तो छाती भरून घ्यायचा, आत शिरायचा, काम करून बाहेर यायचा आणि मग हसत श्वास सोडायचा. त्यात पहिल्या खोलीच्या दाराची आतली कडी तुटलेली. दार मागे लागले तर आतून उघडत नव्हते. मी नवी कडी आणली होती. पण स्क्रू बरोबर मापाचे मिळावेत, दारवाल्या कंपनीचाच मिस्त्री यावा, म्हणून ती लॅपटॉपशेजारी खोक्यात पडून होती. माझी तयारी पूर्ण होती.

मला त्या दाराची भीती वाटायची. दुसऱ्या कशाचीच नाही.

*

दुसरा मसुदा

विझार्डची खरी अडचण अंदाजाची आहे. उद्या काय येणार हे माहीत नसताना आज भरायचे. समजा तुम्ही वाळवंटात आहात आणि पाण्याखालचा स्पेल भरून बसलात, तर तो स्लॉट

इथे कट. इथे मला खरे काय ते सांगायला हवे.

तो स्पेल मी भरला नव्हता. त्याचे नाव 'उसना श्वास'. सोबत्याची हवा संपली तर जादूगार त्याला आपला श्वास देतो. कोणाला द्यायचा ते सकाळीच ठरवावे लागते, आणि स्पेल चालू असेपर्यंत तो स्लॉट मोकळा होत नाही, कितीही विश्रांती घेतली तरी. बुडालेल्या शहरांच्या भागात तो लागतो. आम्ही तेव्हा वाळूत होतो. मी तो काढला आणि विजेचा भरला. गेममधली पुढची सकाळ झाली, पोथी उघडली, तर त्याच जागी पुन्हा तो.

खाली ज्याला श्वास द्यायचा त्याचे नाव होते: निलू.

नीलेशच्या सॉर्सररचे नाव 'बॉस' आहे. निलू त्याला घरात म्हणतात. आता तर फक्त आईच म्हणते.

"तू माझ्या स्लॉटला हात लावलास?"

"मले काय करायचं तुझ्या पोथीशी? मले तर मेनू वाचायचाबी कंटाया."

"निलू असं कोणी लिहिलं मग?"

त्याने पडद्याजवळ जाऊन पाहिले. "भारी आहे यार," तो म्हणाला. "गेमले माझी ओळख पटली." आणि जेवायला वाढ म्हणाला.

गणिताची माणसे आधी चूक शोधतात. मी सेटिंग तपासल्या. गेम काढून टाकला, नव्याने घेतला. नवीन विझार्ड बनवली, पहिल्या पायरीची, जिच्या पोथीत हा स्पेल असूच शकत नाही. तिच्याही स्लॉटमध्ये तो होता. निलूही होता.

मग लहान गोष्टी. माझी विझार्ड हातात मशाल घेऊन चालते. गुहेच्या, तळघराच्या, कुठल्याही दारात पोचली की तिची मशाल विझायला यायची, अगदी निळी व्हायची, आणि मग पुन्हा पेट घ्यायची. नीलेशची तशी होत नव्हती. एका रविवारी तो तुकईथडला मित्राकडे गेला होता, मी एकटी खेळत होते, आणि लॅपटॉपच्या पंख्यातून गरम हवेबरोबर वास आला. गोड, थोडा मधासारखा. मी उठून खिडकी उघडली. खाली दुकानात कोणीतरी पातेल्यावर नाव घालून घेत होते, त्याचा टकटक आवाज आला. मी तो आवाज बराच वेळ ऐकत उभी राहिले, कारण तो साधा होता.

शेवटी मी तो स्पेल काढायचे सोडून दिले. एक स्लॉट वाया, एवढेच.

*

तिसरा मसुदा

दिवाळी होऊन गेली होती. क्लासला सुट्टी होती. सकाळी नीलेश चेंबरला गेल्यावर मी माइक लावला आणि गेम मागे चालू ठेवला. मध्येच वीज गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालत राहिला, मीही बोलत राहिले.

"सॉर्सररची खरी ताकद ही, की त्याला संकट आधी दिसावं लागत नाही. ते समोर आलं की तो..."

पडद्यावर माझी विझार्ड हलली.

कंट्रोलर टेबलावर होता, कडीच्या खोक्याशेजारी. मी त्याला हात लावला नव्हता. तिने मशाल खाली ठेवली आणि दोन्ही हात छातीशी नेऊन पुढे केले, कोणाला तरी ओंजळ द्यावी तसे.

'उसना श्वास'चा स्लॉट राखाडी झाला, म्हणजे स्पेल चालू झाला.

मला पुढचा शब्द काढता आला नाही. नाक मोकळे होते, छाती वरखाली होत होती, हवा आत येत होती. पण ती माझ्यापाशी थांबत नव्हती. आत येई आणि दुसरीकडे कुठेतरी निघून जाई.

मी नीलेशला फोन लावला. क्षेत्राच्या बाहेर.

अण्णांना लावला. "चेंबर," एवढेच बोलता आले. का, कशाला, त्यांनी विचारले नाही.

कडीचे खोके मी का उचलले ते मला सांगता येत नाही. स्कूटीच्या पायापाशी ते ठेवले आणि निघाले. गाडी चालवताना मी अर्धा श्वास घेत होते, अर्धा कोणी दुसरा घेत होता.

शेडसमोर नीलेशची मोटारसायकल उभी. मजूर ट्रकबरोबर गेलेले. शेजारच्या शेडमधली माणसे चहा पिऊन, ग्लास धुऊन पालथे घालून निघून गेलेली.

पहिल्या खोलीचे दार बंद होते. मला एकटीला ते हलेना.

अण्णा आले. शेतातल्या चिखलाच्या पायांनी. आम्ही दोघांनी मिळून दार ओढले.

आत नीलेश पालथ्या क्रेटवर बसला होता. मोबाइलचा उजेड छताकडे लावलेला. तो केळे खात होता.

"लाइट गेली अन् दार लागलं," तो म्हणाला. "रेंज नाही अठी. म्हटलं, येईन कोणी तरी."

मी पाय उचलला. अण्णांनी माझा दंड धरला आणि खिशातून काडेपेटी काढली.

काडी ओढली. हात आत धरला.

उंबरठ्यावरच विझली.

दुसरी ओढली. तीही.

तिसरी त्यांनी जमिनीपाशी नेली. ती पेटलीच नाही असे वाटावे इतक्या लवकर गेली. धुराची बारीक रेघ आमच्याकडे आली.

"काय माचिस संपवू राहिले, अण्णा?" नीलेश हसत म्हणाला. "या ना आत. मस्त हवा आहे. नदीकाठी असते तशी."

"बाहेर ये," अण्णा हळू आवाजात म्हणाले. "बोलू नको. नुसता ये."

तो उठला, केळ्याची साल क्रेटवर ठेवली आणि चालत बाहेर आला.

*

इथून पुढे सगळे चांगलेच आहे.

अण्णांनी त्याच्या तोंडावरून हात फिरवला, कान ओढला, आणि मग एकदम खाली बसून हसू लागले. मीही हसले. नीलेशला कळेना की आम्ही का हसतो. डॉक्टरांनी बोटाला चिमटा लावून पाहिले आणि म्हणाले, तुमच्यापेक्षा याचीच तब्येत चांगली आहे. आईने दृष्ट काढली. अण्णांनी न सांगता मावा जलेबी आणली, आणि इतकी आणली की भांड्यांच्या दुकानातही वाटावी लागली.

त्याच दिवशी नीलेशने कडी बसवली. स्वतः. मापाच्या नसलेल्या स्क्रूंनी. घट्ट बसली.

आता तो दार उघडून पंखा लावतो, चहा पितो, मग आत जातो. एवढ्यासाठी मी कुठलाही स्लॉट दिला असता. तो अजून राखाडीच आहे. मी तो विचारात घेत नाही, उरलेल्यात भागवते. बुधवाऱ्यातला जिना चढताना मला थोडा दम लागतो. झोप मात्र कित्येक वर्षांत लागली नव्हती अशी लागते.

व्हिडिओ राहिलाच. दोघांत चांगला कोण, हे मला अजून लिहिता आलेले नाही.

*

शेवटच्या मसुद्यासाठी

जानेवारीत आम्ही दापोऱ्याला गेलो. कडाक्याची थंडी, मळ्यावर धुके, केळीची पाने ओली. घड उतरवून मजूर शेकोटीशी बसले होते. नीलेश त्यांना त्या दिवसाची गोष्ट सांगत होता. तो ती सगळ्यांना सांगतो आणि दर वेळी थोडी वाढवतो.

"दार लागलं धाडकन. मी म्हटलं, आता बसा. आतमधी अंधार, अन् वास असा..."

अण्णांच्या तोंडातून वाफ निघत होती. मजुरांच्या तोंडातून निघत होती. सगळे हसले की शेकोटीवर वाफेचा छोटा ढग व्हायचा.

नीलेशच्या तोंडातून निघत नव्हती.

मी नीट पाहिले. तो बोलत होता, हातवारे करत होता, आणि त्याच्या ओठांसमोरची हवा स्वच्छ होती. मी काही बोलत नव्हते. तरी त्याच्या प्रत्येक शब्दाला माझ्या तोंडातून वाफेचा एक तुकडा बाहेर पडत होता.

"मंग अण्णानं काडी ओढली. मी आतून म्हटलं..."

मी ओठ मिटले आणि श्वास धरला.

नीलेश थांबला. वाक्याच्या मध्येच. तोंड उघडे, हात वर, चेहऱ्यावर हसू. शब्द आठवत नसावा तसा तो माझ्याकडे पाहत राहिला.

"पुढं?" एक मजूर म्हणाला.

मी श्वास सोडला. मग सावकाश, नीट, आत घेतला. त्यात काही अवघड नव्हते. ठरवून करायच्या गोष्टी मला जमतात.

"हां," नीलेश म्हणाला. "तर मी म्हटलं, या ना आत. मस्त हवा आहे."