डाव्या सीटचं वजन

मंगळवारी सकाळी कमानकाकांनी गॅरेजचं शटर वर ढकललं आणि ते पूर्ण वर जाईपर्यंत मध्ये दोनदा दम खाल्ला. पस्तीस वर्षं हे शटर एका झटक्यात वर जात होतं. मध्यंतरी त्यात तेल घालून झालं, पट्ट्या सरळ करून झाल्या, तेव्हा दोष शटरचा नव्हता हे त्यांनाही कळत होतं. ही शेवटची गाडी, असं त्यांनी घरी कबूल केलं होतं. रविवारी सकाळी अकराच्या बसने ते आणि काकू मुलीकडे जाणार होते. नात चार महिन्यांची झाली होती आणि आजोबांनी तिला अजून फक्त फोनवर पाहिलं होतं.

सुरुवातीला ते ट्रकचा भार पेलणाऱ्या कमानपाट्यांचं काम करायचे, म्हणून कमानकाका. पुढे ट्रक गेले, छोट्या गाड्या आल्या, स्प्रिंगा आणि शॉकअप आले, तरी नाव चिकटलं ते चिकटलं. काका आता जेवून उठले तरी दमायचे. पाण्याची बाटली उघडायची तर आधी तिच्याकडे बघत बसायचे. काकू म्हणायच्या, "सगळा जीव त्या गाड्यांत ओतून येता. घरी येतं ते नुसतं टरफल." काका हसायचे, कारण उत्तर द्यायलाही श्रम पडायचे.

शेवटची गाडी होती शाळेत गणित शिकवणाऱ्या बाईंची. पाच दारांची, करड्या रंगाची, लहानखुरी. आठवडाभर ती बाईंना शाळेत नेई आणि महिन्यातून एखाद्या रविवारी डोंगरातल्या बंद रस्त्यावर घड्याळ लावून पळे. शर्यतीत बाईंच्या गटात सगळी पोरंसोरं होती, आणि त्यांच्यापैकी निम्मी बाईंच्या हाताखाली नापास होऊन गेलेली. या रविवारी त्यांच्यापुढे हसं होऊ नये एवढंच बाईंचं म्हणणं होतं.

"पहिलंच वळण डावीकडे आहे," बाई म्हणाल्या, "आणि तिथेच गाडी अंग टाकते."

"या वयात मीही टाकतो."

"तुम्हाला नवे शॉकअप बसत नाहीत ना, म्हणून."

काकांना बाई आवडल्या. नवं सामान त्यांनी स्वतः आणलं होतं: आखूड, कडक स्प्रिंगा, आणि असे शॉकअप की ज्यांची उंची पान्याने कमीजास्त करता येते. शर्यतीच्या दिवशी कडक करायचे, सोमवारी शाळेत जाताना पुन्हा मऊ.

काकांची कामाची एक रीत होती. गाडीत कोण बसणार हे कळल्याशिवाय ते शेवटचा नट आवळत नसत. चार चाकांखाली चार वजनकाटे ठेवायचे, चालवणाऱ्याच्या वजनाच्या वाळूच्या पिशव्या त्याच्या सीटवर ठेवायच्या, टाकीत पेट्रोल दर वेळी त्याच खुणेपर्यंत भरायचं, आणि मग कुठल्या चाकावर किती भार येतो ते पाहून स्प्रिंगा वरखाली करायच्या. जे बसणार ते धरायचं, असं ते म्हणत. आणि गाडी मालकानेच चालवायची. काका डाव्या सीटवर पट्टा लावून, डोळे मिटून बसत. गाडीचं दुखणं त्यांना कानापेक्षा पाठीत आधी कळायचं.

बाईंचं वजन सत्तावन्न. तेवढ्या पिशव्या ठेवून गाडी भरली नऊशे सत्तावन्न. काढलेल्या सामानापेक्षा नवं सामान दोन किलोंनी हलकं होतं. बुधवारी दुपारी काम झालं तेव्हा काट्यांची बेरीज आली नऊशे पंचावन्न. हिशेब चोख होता.

संध्याकाळी शाळा सुटल्यावर बाई आल्या आणि दोघं गाडी घेऊन गावाबाहेर गेले. काकांनी डोळे मिटले. दुसऱ्या वळणाला त्यांच्या लक्षात आलं की आपण दमलेलो नाही. खांदे हलके, गुडघे हलके, पाठीत कित्येक वर्षं बसलेली ती कळ नाहीशी झालेली. असं बरं त्यांना शेवटचं कधी वाटलं होतं ते आठवेना. गाडी थांबली तरी ते उतरेनात, तेव्हा बाईंनी विचारलं, "झोपलात का?"

दार उघडून पाय जमिनीवर टेकला आणि सगळा शीण दुप्पट होऊन परत आला. घरी जाताना काकांनी जिन्याच्या कठड्याला धरून पायऱ्या मोजल्या.

गुरुवारी सकाळी त्यांनी गाडी पुन्हा काट्यांवर चढवली. नऊशे त्रेसष्ट.

त्यांनी डिकी पाहिली, पायाखालच्या चटया काढल्या, सीटखाली हात घालून पाहिला. एक खडू आणि एक केसांची पिन निघाली. त्याने आठ किलो होत नाहीत. जास्तीचा भार सगळा डाव्या बाजूला होता, पुढे थोडा जास्त, मागे थोडा कमी. म्हणजे डाव्या सीटवर काही ठेवलं की येतो तसा. डावी सीट रिकामी होती. काकांनी तिच्यावर हात फिरवला. कापड किंचित कोमट लागलं, पण गॅरेजात ऊन येत होतं.

काटे बिघडले असतील म्हणून ते एकेका काट्यावर स्वतः उभे राहिले. गेल्या महिन्यात डॉक्टरांकडे त्यांचं वजन अडुसष्ट भरलं होतं. पहिला काटा म्हणाला साठ. दुसरा साठ. तिसरा, चौथा, साठ. वाळूची दहा किलोची पिशवी मात्र चारही काट्यांवर बरोबर दहा भरली.

काकांनी सवयीने दोन्ही आकडे खडूने फरशीवर लिहिले. गाडीत आठ जास्त. खाली साठ. मग ते चहा प्यायला निघून गेले.

संध्याकाळी बाईंनी ते आकडे पाहिले. "ही कसली बेरीज?"

"माझी चूक होतेय कुठेतरी."

"साठ आणि आठ अडुसष्ट," बाई म्हणाल्या. "चूक कुठाय? बरोबर आहे की."

त्या संध्याकाळी काकांनी गाडीत बसायला नको होतं. त्यांना ते कळत होतं. पण दिवसभर उभं राहून पिंढऱ्या भरून आल्या होत्या, आणि त्या सीटवर टेकलं की सगळं थांबतं हेही त्यांना कळत होतं. ते बसले. भूल पडावी इतकं बरं वाटलं.

शुक्रवारी गाडीत बारा जास्त, काका छप्पन्न. आता मात्र ते घाबरले. त्यांनी नवं सामान उतरवलं, जुन्या स्प्रिंगा, जुने शॉकअप परत चढवले आणि गाडी काट्यांवर घेतली. नव्या सामानाच्या जागी जुनं आल्याचा फरक बरोबर दोन किलोंचा पडला. ते बारा किलो होते तिथेच होते. काकांनी पुन्हा नवं सामान चढवलं. एकाच दिवसात दोनदा हे काम त्यांनी तरुणपणीही केलं नव्हतं. संध्याकाळी बाईंनी दार उघडून धरलं तेव्हा नाही म्हणायचंही त्राण उरलं नव्हतं.

रात्री काकूंनी त्यांच्या कमरेच्या पट्ट्याला सुईने आणखी एक भोक पाडलं. "मुलगी मलाच बोलेल. जेवायला घालत नाही म्हणेल."

"तिकडे गेलं की भरेल अंग," काका म्हणाले. त्यांचा त्यावर विश्वास होता. गाडी एकदा दारातून गेली की सुटलो, नातीला मांडीवर घेऊन आठ दिवस नुसतं बसायचं, असं त्यांनी मनाशी घोकलं होतं.

शनिवारी सोळा. काका बावन्न.

शेवटचे नट राहिले होते. दुपारभर काका पाना हातात घेऊन स्टुलावर बसून राहिले. ते सोळा किलो नाहीतच असं धरून स्प्रिंगा लावता आल्या असत्या. पण मग पहिल्या डाव्या वळणाला गाडी फेकली गेली असती, आणि आत बाई होत्या. काटा खोटं बोलत नव्हता. जे बसणार ते धरायचं. काकांनी ते सोळा किलो धरले, चारही कोपरे जुळवले आणि नट आवळले. इतकी नेमकी बसलेली गाडी त्यांच्या हातून आजवर गेली नव्हती. त्याचा आनंद व्हायला हवा होता, पण त्यांना रडू आलं.

बाई आल्या तेव्हा काका म्हणाले, "आज मी बसत नाही."

बाईंनी एकटीने चक्कर मारली. परत आल्या त्या गाडीतली टिंगटिंग घेऊन. डाव्या सीटवरच्या माणसाने पट्टा लावला नाही की वाजते ती. "कोण बसलंय बुवा?" बाई हसल्या.

काकांनी सीटखाली हात घालून वायर काढली. टिंगटिंग थांबली. बाईंनी गाडी सुरू केली, काच खाली घेतली आणि म्हणाल्या, "तुम्ही शेजारी आहात असंच वाटत होतं सगळा वेळ. गाडीत जीव ओतलाय तुम्ही, काका."

काकांनी नुसता हात हलवला.

रविवारी सकाळी साडेनऊला दोन बॅगा दाराशी उभ्या होत्या. काकूंनी नातीसाठी विणलेला लोकरीचा पिवळा अंगरखा सगळ्यात वर ठेवला होता. काका स्वयंपाकघरातल्या खुर्चीत, पायात बूट घालून, चहा संपवत बसले होते. झोप बरी लागली होती. त्यांना वाटलं, सुटलो.

फोन वाजला. बाई होत्या. मागे इंजिनांचे आवाज, आणि त्यांच्याही वर एकसारखी टिंगटिंग.

"काका, हे पुन्हा सुरू झालंय."

"वायर काढलीय मी."

"तरी वाजतंय. पुढची गाडी सुटली की माझाच नंबर. याने माझं लक्ष लागत नाहीये. काय करू?"

या प्रश्नाला काकांनी आजवर प्रत्येकाला एकच उत्तर दिलं होतं. विचार करायच्या आत ते तोंडातून गेलं.

"मग पट्टा लावा ना त्या सीटचा."

"हो की. थांबा."

फोनमध्ये खट् असा आवाज आला. टिंगटिंग थांबली.

काकांच्या हातातला कप तिथेच राहिला.

"थांबलं बघा," बाई म्हणाल्या. "येते. रात्री सांगते वेळ किती लागला ते."

फोन बंद झाला.

काकू दारातून म्हणाल्या, "रिक्षा आलीय. उठा."

काकांनी उठायचा प्रयत्न केला. मग पुन्हा केला.

"अहो, चला ना. पाय धरलेत का?"

"पाय नव्हे," काका म्हणाले.

काकूंनी येऊन त्यांचा हात धरला आणि ओढला. गेल्या महिनाभरात त्यांनी नवऱ्याला दोनदा न्हाणीतून आधार देऊन बाहेर आणलं होतं. काही जड जात नव्हता तो. आज खुर्चीतून हलेना.

मग त्यांना काकांचा सदरा दिसला. सकाळीच इस्त्री केलेला. डाव्या खांद्यापासून उजव्या कमरेपर्यंत त्यावर तिरकी, रुंद चुणी पडली होती, आणि खालचं कापड छातीशी घट्ट दाबलं गेलं होतं.

"कसे बसलात हो," असं म्हणत काकूंनी तळहाताने ती चुणी सारखी करून पाहिली. चुणी जाईना.

खाली रिक्षावाल्याने भोंगा वाजवला.

काकांनी डोळे मिटले होते. त्यांच्या चेहऱ्यावरचा शीण पार गेला होता.

आणि काकू बघत असताना ते सावकाश, बसल्या जागी, उजवीकडे कलले, क्षणभर तसेच राहिले, आणि मग सरळ झाले.