रिकामा स्लॉट

तळेगावच्या अश्लेषा परचुरेला जुन्या कॉम्प्युटरांचा नाद होता, आणि तोही भलत्याच टोकाचा. लोक जुनी यंत्रं शोभेला जमवतात. हिला त्यांच्या पोटातलं हवं असे. आतलं एखादं सर्किट-कार्ड हातात आलं की ती आधी त्याची सोनेरी कड बघायची. संपर्काच्या पट्ट्या किती, मधली फट कुठे, व्होल्टेज किती, वेग किती, एवढं कळलं की कार्ड कुठल्या बसचं ते ठरायचं. बस म्हणजे बोर्डावरचा तारांचा सामाईक रस्ता. सगळी कार्डं त्यावरूनच बोलतात. मात्र एका वेळी एकानंच बोलायचं, बाकीच्यांनी गप्प राहायचं. कार्ड खोचायचा आयएसएचा काळा लांब स्लॉट, ईआयएसएचा तपकिरी, पीसीआयचा आखूड पांढरा, या जाती तिला स्वयंपाकघरातल्या डब्यांसारख्या पाठ होत्या. एरवी ती एका कारखान्याच्या डिझाइन विभागात नोकरी करायची. सुटीच्या दिवशी ही माहिती मोजून, फोटो काढून एका वेबसाइटवर चढवायची. स्वतः मोजल्याशिवाय ती एक ओळ लिहीत नसे, आणि याचा तिला थोडा गर्वही होता.

ती वेबसाइट वाचूनच माधवरावांनी तिला लोणावळ्याला बोलावलं.

माधवराव जुने इलेक्ट्रॉनिक्सवाले. निवृत्तीनंतर तुंगार्लीत बंगला बांधून राहिलेले. खालच्या मजल्यावरची एक अख्खी खोली त्यांनी बोर्ड आणि कार्डांनी भरली होती. आवाज मऊ, कपड्यांना कडक इस्त्री, समोरच्याचं बोलणं पुरं होईपर्यंत थांबायची सवय. पहिल्याच भेटीत अश्लेषाला ते आवडले. त्यांची बायको इंदिराबाई पुण्याच्या कॉलेजात मराठी शिकवायच्या. लकवा मारल्यापासून अंथरुणाला खिळलेल्या. तेव्हापासून तोंडातून शब्द नाही. यंत्रांच्या खोलीला लागूनच त्यांची खोली होती.

त्यांचं सगळं सरुबाई करायची. जवळच्याच औंढ्याची, पस्तिशीची, काटक बाई. सकाळी तिचा नवरा बजरंग तिला मोटरसायकलवर सोडायचा आणि संध्याकाळी न्यायला यायचा. इंदिराबाईंना भरवताना सरुबाई सारखी बोलत असे: खाचरातलं भात काढून झालं, म्हस व्यायली, थोरलीला शाळेत बक्षीस मिळालं. पलीकडून काहीच येत नसे, पण तिचं काही अडत नसे.

मार्गशीर्षात चार-पाच रविवार अश्लेषा तिथे जात राहिली. काम झपाझप होत होतं. बहुतेक कार्डं ओळखीची निघाली; एक-दोन दुर्मीळ मिळाली तेव्हा तिला दिवसभर भूक लागली नाही. सगळं उरकल्यावर माधवरावांनी कोपऱ्यातल्या यंत्रावरचं कापड काढलं.

बिनझाकणाची लोखंडी पेटी होती. आत एक बोर्ड आणि बोर्डावर फक्त दोन स्लॉट. एकात हिरवट कार्ड बसवलेलं, दुसरा रिकामा. कंपनीचं नाव नाही, नंबर नाही. अश्लेषाने संपर्क मोजले आणि पुन्हा मोजले. तिला माहीत असलेल्या कुठल्याच बसशी ते जुळत नव्हते.

हे कुठून आलं असं तिने विचारलं, तेव्हा माधवराव म्हणाले की आलं एका बंद पडलेल्या कारखान्यातून, त्यापलीकडे त्यांनाही ठाऊक नाही. त्यांना या बसचा पुरता तपशील हवा होता. कुठली तार कशाची, कुठला संकेत कधी.

"यंत्र जुनं झालंय," ते म्हणाले. "हे मोडलं तर मला दुसरं करता आलं पाहिजे."

तिने भिंग लावून रिकामा स्लॉट पाहिला. त्यात कधीच काही बसवलं नाही, असं माधवराव सांगत होते. पण आतल्या पट्ट्यांचं सोनं झिजून खालचं तांबं दिसत होतं. रोज काहीतरी आत-बाहेर होत असल्याखेरीज सोनं असं झिजत नाही. तिने फोटो काढला. त्याखाली काय लिहावं ते मात्र तिला सुचलं नाही.

त्या दिवशी ती मागच्या अंगणात हात धुवायला गेली, तेव्हा सरुबाई भांडी घासत होती. हातातलं काम न थांबवता तिने विचारलं, "ताई, त्या मशिनीतनं वारं येतं का वो काई?"

वारं म्हणजे काय, अश्लेषाला कळेना.

"दुपारी माजा डोळा लागतो, असं साहेब म्हनत्यात. पन झोप न्हाई ती. समदं ऐकू येतं. हालता येत न्हाई, बोलता येत न्हाई. कुनी तोंडावर हात दाबून धरल्यावानी." तिने पातेलं पालथं घातलं. "परवा घरी गेले तर थोरलीचं नाव आटवंना. पोटच्या पोरीचं. मालकाला सांगितलं तर हसाया लागले."

अश्लेषाने रक्त तपासून घ्यायला सांगितलं. कामशेतच्या एका डॉक्टरांचा नंबरही दिला. सरुबाईने मान हलवली. तिला हवं होतं ते उत्तर हे नव्हतं, एवढं अश्लेषाला कळलं.

पुढच्या रविवारी ती तळेगावहून ऑसिलोस्कोप, तारेतले संकेत पडद्यावर रेघेत दाखवणारं यंत्र, घेऊन आली. बंद बोर्डावर मोजून जे कळायचं ते कळलं होतं; आता यंत्र चालू करून तारांवर काय धावतं ते पाहायचं होतं. जेवणं झाली होती. उन्हं मागच्या अंगणात उतरली होती. सरुबाई तिथे पायरीवर सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती आणि स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होती. माधवरावांनी खटका दाबला. पंख्याची घरघर सुरू झाली.

अंगणातलं गुणगुणणं थांबलं.

अश्लेषाचं तिकडे लक्ष नव्हतं. ती पडदा बघत होती. कुठल्याही बसवर दोन तारा महत्त्वाच्या: एक रस्ता मागायची, एक रस्ता दिल्याची. हिरवट कार्डाने रस्ता मागितला आणि त्याला तो मिळाला. सगळं रीतसर. मग तिने ऑसिलोस्कोपचं टोक सहज रिकाम्या स्लॉटच्या तारेवर टेकवलं.

तिथूनही मागणी येत होती. रिकाम्या स्लॉटमधून. ती मंजूर होत नव्हती, तरी पुन्हा येत होती. पुन्हा. मध्ये जराही उसंत नव्हती.

सैल जोड असेल, बाहेरचा गोंगाट असेल, म्हणून तिने टोक बदललं, अर्थिंगची तार तपासली. मागणी तशीच.

"अहो, पाहुण्यांना काही दिलंत का?"

आवाज दारातून आला. इंदिराबाई उभ्या होत्या. पांढऱ्या केसांचा अंबाडा घातलेला, खांद्यावर शाल, एक हात चौकटीवर. त्या हळूहळू चालत आत आल्या आणि अश्लेषाशेजारी खुर्चीत बसल्या. तिची चौकशी केली. तळेगाव पूर्वी किती गार असायचं ते सांगितलं. शब्द घडवलेले, एकही अक्षर अर्धवट न सोडणारे. माधवराव त्यांच्याकडे बघत होते. आपल्या घरात आपणच पाहुणे असल्यासारखे.

अश्लेषा उत्तरं देत होती. लकव्यातून माणसं उठतात, असं ती मनाला बजावत होती. मग तिला अंगणातली शांतता ऐकू आली. ती उठून मागच्या दाराशी गेली.

सरुबाई पायरीवर होती तशीच बसली होती. सूप मांडीवर. मूठ अर्धी उघडी. डोळे उघडे. चिमण्या सुपात उतरल्या होत्या. एक तिच्या मनगटावर बसून तळहातावरचे दाणे टिपत होती. अश्लेषाने हाका मारल्या, खांदा हलवला. चिमण्या उडाल्या. सरुबाई मात्र हलली नाही. फक्त डोळ्यांच्या कडांतून पाणी सारखं खाली येत होतं.

मागे माधवराव येऊन उभे राहिले होते.

"बसवर एका वेळी एकानंच बोलायचं असतं," ते शांतपणे म्हणाले. "हे तुम्हाला मी सांगायला नको."

तिला ऐकू येतंय, हे तुम्हाला माहीत आहे का, असं अश्लेषाने विचारलं.

"आहे." ते जरा थांबले. "पण तुम्हीच सांगा, या दोघींमध्ये बोलण्यासारखं कुणाकडे आहे? इंदिरेने हजारो मुलांना भाषा शिकवली. ही दिवसभर काय बोलते? म्हैस व्यायली."

अश्लेषा त्यांना वळसा घालून आत आली. यंत्राचा खटका माधवरावांनी भिंतीवर बसवून घेतला होता, आणि आता तेही मागोमाग येऊन त्याच्यासमोर उभे राहिले. पेटी मात्र उघडी होती. ती कार्डाकडे वळली, तेव्हा इंदिराबाईंनी तिचं मनगट धरलं. बोटं गार होती.

"नको गं," त्या म्हणाल्या. "अंथरुणात मलाही सगळं ऐकू येतं. ती घास भरवते, तोंड पुसते, तिच्या म्हशीच्या गोष्टी सांगते, आणि मला एक शब्द उलटा बोलता येत नाही. तू एकदा तशी पडून बघ."

पडद्यावर रिकामा स्लॉट रस्ता मागतच होता.

चालू यंत्रातून कार्ड ओढायचं नसतं; एकाचं बोलणं दुसऱ्याच्या तारेवर जाऊन बसतं. आधी वीज बंद करायची, मग कार्डाला हात लावायचा. या कामात शिरलेला माणूस सगळ्यात आधी हे शिकतो. अश्लेषाने स्वतः कितीकांना ते शिकवलं होतं. तिने मनगट सोडवलं, कार्ड दोन्ही हातांनी धरलं आणि उपसलं.

बारीक ठिणगी उडाली. पडद्यावरची रेघ सरळ झाली.

इंदिराबाई खुर्चीतच एका कुशीवर कलंडल्या. माधवराव ओरडले नाहीत. त्यांनी बायकोला उचललं, पलीकडच्या खोलीत नेऊन निजवलं, पांघरूण घातलं. अश्लेषा कार्ड हातात धरून उभी होती.

अंगणात सूप खाली ठेवल्याचा आवाज झाला. पावलं आली. सरुबाई दारात उभी राहिली. अश्लेषाचं रडू फुटायच्या बेतात होतं. ती पुढे झाली.

सरुबाईने आपले हात उचलून बघितले. पंजे उघडले, मिटले. बांगड्या एका हाताने मागेपुढे केल्या. मग तिने पदर नीट सावरला.

"अहो," ती माधवरावांना म्हणाली, "हे फार बळकट आहेत हो हात."

एकही अक्षर अर्धवट सुटलं नाही.

माधवराव दारातच थांबले. त्यांनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. अश्लेषाला वाटलं, आता तरी हा माणूस घाबरेल. त्यांच्या चेहऱ्यावर आधी गोंधळ आला, मग काहीतरी हळूहळू जुळत गेलं. ते पुढे झाले आणि त्यांनी तिच्यासाठी खुर्ची ओढली.

अश्लेषाने कार्ड परत बसवलं. खटका बंद करून पुन्हा चालू केला. पुन्हा काढून बसवलं. पंखा फिरत होता. तारांवर काहीच नव्हतं.

आतल्या खोलीत पलंग करकरला. ती धावत गेली. इंदिराबाईंचे डोळे उघडे होते आणि भिंतीभिंतीवरून फिरत होते. ओठ वाकडे होत, धडपडत. बऱ्याच वेळाने श्वासातून आवाज निघाला, फाटका.

"ताई... मी कुटं हाय?"

अश्लेषा पलंगाशी गुडघ्यांवर बसली. तो सुकलेला हात तिने हातात घेतला. बाहेरच्या खोलीत दोन माणसं हळू आवाजात बोलत होती. मध्येच कुणीतरी हसलं.

उन्हं कलली तेव्हा फाटकापाशी मोटरसायकल थांबली. बजरंग आला होता. अश्लेषा बाहेर धावली. सांगायचंच, असं ठरवून ती धावली होती. फाटकाशी पोहोचली तेव्हा मातीनं भरलेल्या पायांचा तो भला माणूस तिच्याकडे बघून हसला, आणि कुठल्या शब्दापासून सुरुवात करावी ते तिला सापडेना.

पुढच्या खिडकीत सरुबाई आली.

"सरे, येतीस न्हवं?" बजरंगने हाक दिली.

"आज नाही जमणार," ती म्हणाली. "तुम्ही निघा."

तो मोठ्याने हसला. "ऐकलं का ताई? सायबांच्यात ऱ्हाऊन सायबिनीवानी बोलाया लागली."

तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून आवाज आला. "अवं... मला न्या... अवं..."

बजरंगचं हसू थांबलं. त्याने कान दिला. "कोन वो ते?"

"इंदिरा," माधवराव पायरीवर येऊन म्हणाले. "आजच बोलायला लागली. म्हणूनच सरूला जरा ठेवून घेतोय."

"मावशी बोलाया लागल्या?" बजरंगचा चेहरा उजळला. त्याने चपला काढल्या, त्या आवाजाच्या दिशेने दोन्ही हात जोडले आणि डोळे मिटले. "सरू रोज देवाला सांगायची. पावला बगा."

"अवं..." आतून आलं.

बजरंगने मोटरसायकलला किक मारली. तो उतारावरून औंढ्याच्या रस्त्याला लागेपर्यंत ती हाक येतच होती. मग सरुबाई सावकाश खिडक्या लावत पुढच्या खोलीतून हाक येत होती त्या पलीकडच्या खोलीत गेली, आणि तिथली कडी आतून सरकवल्याचा आवाज आला.