वेगाच्या पुस्तकावर गोगलगाय

"प्रोग्रॅम झटपट कसा चालवावा यावर मी चारशे पानं लिहिली, आणि कव्हरवर काय, तर गोगलगाय? कोणी काढली ही?"

"मी," प्रकाशन संस्थेच्या जिन्यात शाईची बाटली सांभाळत उभी असलेली ती म्हणाली.

लेखकमहाशयांचा चढलेला पारा झरकन उतरला. भांडायला एखादा मिशाळ म्हातारा भेटेल, अशी त्याची खात्री होती!

"बदला ना," तो नरमून म्हणाला. "ऑफिसात फिदीफिदी हसतील मला. चित्ता काढा, ससाणा काढा..."

"तुमचं पुस्तक वाचलंय मी. अर्धं डोक्यावरून गेलं. पण पहिल्याच प्रकरणात तुम्ही म्हणता, आधी थांबा, प्रोग्रॅम कुठे अडतोय ते सावकाश बघा. मग?"

तो तिच्याकडे बघतच राहिला.

इथल्या प्रत्येक संगणकाच्या पुस्तकावर तिचा एक प्राणी असे. सुरक्षेवरच्या पुस्तकावर काटे फुलवलेलं साळिंदर, माहिती साठवण्यावरच्या पुस्तकावर गाल फुगवलेली खार, नवशिक्यांसाठी स्वतःच्याच शेपटीमागे धावणारं कुत्र्याचं पिल्लू. पण लेखकांच्या तक्रारींना मालक कंटाळले होते. शनिवारपर्यंत या लेखकाने नमुन्यावर सही केली नाही, तर यापुढे कव्हरवर नुसती अक्षरं, असं त्यांनी तिला बजावलं होतं. प्राणी गेले की तिचं कामही गेलं.

ती भेट सोमवारची. तो मंगळवारी आला, बुधवारी आला, रोज येतच राहिला.

"शिंगांची टोकं एवढी नाजूक कशी जमतात हो? आणि ही खार... चोरी पकडली गेल्यासारखी बघतेय. वा!"

साळिंदरावर तर तो तासभर बोलला. ऐकताना तिचे कान गरम व्हायचे. तो पेन काढायचा, तिच्याकडे बघायचा — आणि पेन परत खिशात. इतकं आवडतंय, मग घोडं पेंड खातंय कुठे? तिला काही कळेना, आणि आपलं काम जाईल असं सांगून सही मागणं तिला पटेना.

शनिवारी तो भिजत आला, तेव्हा ती ब्रश डब्यात भरत होती.

"हे काय, आवराआवर?"

"तुमची सही नाही ना. आजपासून प्राणी बंद, आणि मीही."

त्याचा चेहराच पडला. "अहो, मला कोणी सांगितलंच नाही!" त्याने पेन ओढून काढलं आणि ओल्या हातानेच सही ठोकली.

"मग इतके दिवस का अडवून ठेवलीत?"

"सही केली की... इथे यायचं कारणच संपतं." तो अडखळला. "आवडता तुम्ही मला. त्या जिन्यातच आवडलात."

तिला हसू आवरेना, आणि डोळेही भरून आले. "वेगावर पुस्तक लिहिता, आणि एवढंसं बोलायला सहा दिवस?"

त्याने कव्हरकडे बोट दाखवलं. "चित्र अगदी बरोबर काढलंय तुम्ही."

ती एकेक ब्रश परत टेबलावर मांडू लागली.

"उद्या इथे सुट्टी असते," ती मान वर न करता म्हणाली. "कोपऱ्यावरच्या बागेत भेटू. मलाही आवडता तुम्ही... पण उद्या मात्र जरा झपझप या."