बारा मिनिटांची चोरी

कनकाच्या टेबलाच्या खालच्या खणातून डिस्क निघाली तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. दुपारी तीनला पुण्याच्या मुख्य कार्यालयातून अलकनंदा श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात पोचल्या, तोवर पोलिसांत द्यायची तक्रार टाइप होऊन तयार होती.

"फक्त तुमची सही," कारखान्याचे प्रमुख माधवराव म्हणाले.

तपासाआधी निकाल लिहून ठेवणारी माणसं अलकनंदांनी नोकरीत पुष्कळ पाहिली होती. एकाबद्दलही त्यांना आदर वाटला नव्हता. त्यांनी कागद बाजूला सारला.

नव्या ब्रेकचे आराखडे फुटले होते. गेल्या आठवड्यात गुम्मिडिपूंडीच्या एका प्रतिस्पर्धी कंपनीनं तेच आराखडे, रेघ न् रेघ, गिऱ्हाइकापुढे मांडले होते. मूळ फाइल पुण्यात. ती इथे येणार ऑप्टिकल फायबरच्या लाइनवरून. आणि बाहेर न्यायला एकच वाट होती. यूएसबीची तोंडं सगळीकडे बंद केलेली, त्यामुळे सर्व्हर-रूममधल्या जुन्या मशीनलाच जाड केबलनं डिस्क जोडावी लागे.

"बारा तारखेला कनका एक वाजून पाच मिनिटांनी सर्व्हर-रूममध्ये गेली, एक सतराला बाहेर," संगणक विभागाचा प्रमुख देवेश म्हणाला. "मशीनची नोंद, हा लॉग बघा. एक पाचला कॉपी सुरू, एक सतराला संपली. ती निघाल्यावर कुलूप मीच लावलं."

"चौदा गीगाबाइट, बारा मिनिटांत?"

देवेश हसला. बाईमाणसाला गणित समजावताना हसतात तसं. "मॅडम, लाइन एकशे पंचावन्न मेगाबिटची. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे सेकंदाला एकोणीस मेगाबाइट आणि थोडं वर. चौदा हजाराला त्यानं भागा. बरोबर बारा मिनिटं!"

"कनकाचं काम काय?"

"बॅकअपच्या टेपा बदलणं. त्यापलीकडे अक्कल नाही. तिचं मराठी ऐका, निम्मं तमिळ आणि निम्मं पणजोबांच्या काळचं."

अक्कल नसलेल्या मुलीनं सेकंदाचाही तोटा न होऊ देता चोरी केली तर! अलकनंदांनी ते बोलून दाखवलं नाही.

कनका बाहेर बाकावर बसली होती. तंजावरकडच्या मराठी घरातली, वेस्ट मांबलमला आईबरोबर राहणारी. डोळे रडून सुजलेले, पण मान ताठ.

"त्या दिवशी आत कशाला गेला होता?" अलकनंदांनी विचारलं. सकाळपासून तिला अहोजाहो करणारं हे पहिलंच माणूस.

"रोज एक वाजतां टेप बदलायला जाते, मॅडम. बदलली आणि आले."

"डिस्क?"

"अय्यो, मला ठाऊक नाही. माझ्या खणाला कुलूपच नाही."

"ती मशीनला जोडून दाखवाल?"

"दाखवते. पण वेळ लागेल. मशीनमधलं डिस्क जोडायचं कार्ड फार जुनं."

सर्व्हर-रूममध्ये कनकानं डिस्क जोडली. अलकनंदांनी एक गीगाबाइटची फाइल तिच्यावर टाकायला सांगितली आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभ्या राहिल्या. तीन मिनिटं वीस सेकंद लागले. मग त्यांनी पुण्याला फोन लावला आणि पहारेकऱ्याकडून दाराच्या कार्डाची नोंद मागवली.

पाच वाजता सगळे माधवरावांच्या खोलीत जमले.

"देवेश, तुमचा भागाकार बरोबर आहे," अलकनंदा म्हणाल्या. "पण तो लाइनचा. फायबरवरून सेकंदाला एकोणीस मेगाबाइट येतीलही, पण त्या जुन्या कार्डातून डिस्कवर पाचच उतरतात. चौदा गीगाबाइटला सत्तेचाळीस मिनिटं लागतात. कनका आत होती बारा मिनिटं."

"मग तिनं कॉपी चालू ठेवून—"

"तुमच्या लॉगमध्ये ती एक सतराला संपली. आणि कुलूप तुम्ही लावलंत."

देवेशनं लॉगचा कागद स्वतःकडे ओढला. अलकनंदा पुढे बोलू लागल्या.

"लाइन पूर्ण वेगानं कधीच धावत नाही. बरोबर बारा मिनिटं येतात ती कागदावर. तो लॉग कॉपीनं लिहिलेला नाही, माणसानं लिहिलाय. कनका एकटी आत असल्याची वेळ होती बारा मिनिटं, आणि लाइनच्या वेगानं नेमका तेवढाच हिशेब जुळला. तुम्हाला वाटलं, मुख्य कार्यालयातली बाई इतकाच भागाकार करील आणि तुमची पाठ थोपटील."

त्यांनी पुण्याहून आलेला फॅक्स टेबलावर ठेवला. "लाइनचा आलेख. ही नोंद पुण्यात राहते, तुमचा हात तिथे पोचत नाही. बारा तारखेला एक वाजता लाइन जवळजवळ रिकामी आहे. सकाळी दहा पाच ते दहा बावन्न मात्र सेकंदाला पाच मेगाबाइट, सलग. दाराच्या नोंदीत दहा ते अकरा एकच कार्ड आहे. तुमचं."

"देवेश?" माधवराव खुर्चीतून अर्धवट उठले.

"गुम्मिडिपूंडीवाले मला विभागप्रमुख नाही, संचालक करणार होते," देवेश थंडपणे म्हणाला. "इथे काय ठेवलंय? आणि आळ या पोरीवर आला असता तर कोणाचं काय बिघडणार होतं?"

त्याला लाज वाटत नव्हती. हिशेब चुकल्याचा राग तेवढा होता. पहारेकरी त्याला खाली घेऊन गेले. पोलिसांना फोन अलकनंदांनीच केला.

माधवरावांनी घसा खाकरला. "बरं झालं, विषय मिटला. कनका, उद्यापासून ये कामावर."

"येते, सर," कनका म्हणाली. "पण सकाळी शंभर माणसांपुढे तुम्ही मला चोर म्हणालां. आतां खाली पाळी सुटते आहे. त्या शंभर माणसांपुढे या आणि मी चोर नाही म्हणून सांगा."

माधवरावांनी आशेनं अलकनंदांकडे पाहिलं.

अलकनंदांनी दार उघडून धरलं.